दाखवला म्हणजे दिसला नव्हे

‘संदेश दाखवला होता.’ नोकरीत असताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की अजूनही कुणी सहज उच्चारलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते. आमची मंडळी म्हणतात, तुम्ही निवृत्त झालात, आता राग पण निवृत्त करा. करणार नाही. मला पेन्शन नाही, राग तरी माझ्यापाशी राहू द्या.

मी काय काम करायचो हे धाराशिवात माझ्या शेजाऱ्यालाही शेवटपर्यंत कळलं नाही. तो लोकांना सांगायचा, हे कॉम्प्युटर दुरुस्त करतात. माझं काम सोपं होतं. तुम्ही संगणकावर किंवा फोनवर काही भरता, बटण दाबता आणि पडद्याच्या एका कोपऱ्यात छोटी पट्टी वर येते: ‘माहिती जतन झाली’, ‘पासवर्ड चुकला’, ‘पुन्हा प्रयत्न करा’. ही पट्टी कुठं यावी, केवढी असावी, तिचा रंग कोणता, अक्षर किती मोठं, ती किती वेळ थांबावी, हे कुणीतरी बसून ठरवतं. ते मी ठरवायचो. धंद्यात तिला टोस्ट म्हणतात, यंत्रातून भाजलेला पाव उडी मारतो तशी ती वर येते म्हणून. हिरवी म्हणजे झालं, लाल म्हणजे बिघडलं, पिवळी म्हणजे जपून, निळी म्हणजे नुसतं कळवतोय. या चार रंगांवर मी संसार केला, पोरीचं लग्न केलं.

त्याआधी मी बोर्ड रंगवायचो. नळदुर्गच्या हायवेवरच्या ढाब्यांचे कितीतरी बोर्ड माझ्या हातचे होते. बोर्ड रंगवून झाला की मी ब्रश खाली ठेवायचो आणि सोलापूरच्या दिशेनं रस्त्यानं चालत जायचो. चांगलं लांब गेल्यावर मागं वळून बघायचं. ‘जेवण तयार आहे’ हे तिथून वाचता आलं तर बोर्ड पास, नाहीतर पुसून पुन्हा. एक ढाबेवाला मला हसायचा. म्हणायचा, “पेंटर, बोर्ड हितं हाय, तुमी तिकडं कुठं निघालाव?” मी म्हणायचो, ट्रकवाला तिकडून येतो. रंगवणाऱ्याला आपला बोर्ड नेहमीच दिसतो, त्याच्या दिसण्याला काही किंमत नाही. माझं सगळं शिक्षण एवढंच आहे आणि पुढं लाखाचे पगार घेणाऱ्यांना मला ते समजावता आलं नाही.

फ्लेक्स आले आणि आमचा धंदा बसला. मी डीटीपी शिकलो, मग वेबसाइटी. पुण्याच्या एका कंपनीनं धाराशिवात स्टँडमागं दोन खोल्यांचं ऑफिस काढलं, कारण इथं माणसं स्वस्त मिळतात. तिथं मी लागलो. वयानं सगळ्यात मोठा मीच, नाव मात्र पेंटरच राहिलं. शहाण्या पोरांनी बनवलेल्या गोष्टींना रंगरूप द्यायचं, त्यातही संदेशांचं खातं माझ्याकडं, कारण बाकी कुणाला ते नको होतं. संदेश हा लग्नातल्या आचाऱ्यासारखा असतो, भाजी खारट झाल्यावरच त्याची आठवण होते.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एका मंगल कार्यालयाचे मालक होते. तारखा ऑनलाइन बुक करण्याची सोय त्यांना करून दिली. त्यांची एकच अट, संदेश कुठलाही असो, त्यावर अक्षता पडल्या पाहिजेत. “शुभकार्याची जागा हाय. लाल रंग, फुली, असलं अभद्र कायबी नको.” मी सांगून बघितलं, की तारीख शिल्लक नसेल तर नाही म्हणून सांगावं लागेल, आणि नाही हे नाही सारखंच दिसलं पाहिजे. त्यांनी पुण्याला फोन लावला, पुण्यानं मला लावला. गिऱ्हाईक देव असतो, असं मला ऐकवण्यात आलं. मग ‘ही तारीख उपलब्ध नाही’ हा संदेश हिरव्या महिरपीत, दोन्ही बाजूंना सनई, वरून अक्षता, असा मी रंगवून दिला. लोकांनी अक्षता बघितल्या आणि खालचं वाचलंच नाही. एका कुटुंबानं पत्रिका छापल्या, वाटल्या आणि लग्नाच्या दिवशी वऱ्हाड घेऊन दारात आले, तर आत दुसऱ्यांची हळद उतरत होती. मालकांनी हात वर केले. म्हणाले, “आमी तर संदेश दाखवला हुता.” त्या नवरीच्या बापाला मांडवाबाहेर पटका सावरत उभं राहिलेलं मी बघितलेलं नाही, पण ऐकलं तेव्हा मला जेवण गेलं नाही.

ही गोष्ट सांगितली की लोक हसतात. हसा. खरी गोष्ट ज्याच्यासाठी लिहायला बसलो ती हसण्याची नाही.

परंडा तालुक्यात, सोनारीच्या अलीकडच्या एका गावात शेळीपालकांची संस्था आहे. गावाचं नाव सांगत नाही, संस्थेचंही नाही. आमच्या भागातली शेरडं काळी, काटक, दोन-दोन करडं देणारी, आणि बायकांच्या नावावरचं घरातलं एकमेव धन तेच. संस्थेनं लसीसाठी फ्रिज घेतला होता. शेरडांची लस थंड राहिली तरच लस, नाहीतर नुसतं पाणी. गरम झालेली लस डोळ्यांना ओळखता येत नाही, बाटली तीच, रंग तोच. म्हणून संगणकापासून फ्रिजच्या आत वायर सोडून तिच्या टोकाला तापमान मोजणारी बोंडी बसवली. गारवा कमी झाला की आमच्या वेब ॲप्लिकेशनमध्ये संदेश यायचा: ‘लस गरम होत आहे.’ फोनवरही आला असता, पण त्याचे पैसे वेगळे, म्हणून संस्थेनं ती सोय घेतली नाही.

हा संदेश रंगवताना माझं आणि अनिकेतचं भांडण झालं. अनिकेत म्हणजे पुण्याच्या ऑफिसातला आमचा साहेब, माझ्या पोराच्या वयाचा. मुलगा वाईट नव्हता, आणि राग त्याचाच जास्त येतो. वाईट माणसाशी निदान नीट भांडता तरी येतं. मी म्हणत होतो, ही पट्टी मधोमध येऊ दे, लाल, रुंद, आणि माणूस ‘बघितलं’ असं बटण दाबत नाही तोवर जाऊ नये. त्यानं मला समजावलं, “पेंटरकाका, युजरला त्रास होतो हो. फ्रिक्शन येतं. आपल्या सगळ्या प्रॉडक्ट्समध्ये टोस्ट वर उजव्या कोपऱ्यात येतो, चार सेकंदांत जातो. जगभर तसंच असतं.” मी म्हटलं, “जगभर शेरडं नाहीत.” तो हसला आणि मीटिंग संपली. पट्टी उजव्या कोपऱ्यात गेली.

आणखी एक गोष्ट मी मागितली होती. ॲप्लिकेशन आपली एक नोंद ठेवतं, कोणता संदेश कधी आला त्याची. त्या नोंदीत प्रत्येक संदेशापुढं ‘दाखवला’ असं आपोआप पडायचं. मी म्हटलं, माणसानं बटण दाबल्याशिवाय ‘दाखवला’ म्हणू नका, तुम्हाला काय माहीत कुणी बघितला की नाही? यावर उत्तर अनिकेतनं नाही, त्याच्या वरच्या साहेबानं दिलं. उद्या काही झालं तर आपण सांगितलं होतं एवढं आपल्याजवळ पाहिजे, असं ते उत्तर होतं. म्हणजे ती पट्टी शेरडांसाठी नव्हती, बायकांसाठी नव्हती. ती कंपनीच्या अंगावर काही येऊ नये म्हणून होती. हे मला त्या दिवशी कळलं आणि अजून पचलेलं नाही.

पुढं उन्हाळ्यात एक दिवस गावात वीज गेली ती बराच वेळ आली नाही. संस्थेच्या इन्व्हर्टरवर संगणक होता, सेक्रेटरींच्या खोलीतला पंखा होता, फ्रिज नव्हता. वीज आल्यावर फ्रिज पुन्हा गार झाला. दुसऱ्या दिवशी लसीकरणाचं शिबिर झालं, बायका शेरडं घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. काही आठवड्यांनी साथ आली आणि लस टोचलेली शेरडं नाकातोंडातून पाणी गाळत मरायला लागली. चौकशी निघाली. संस्थेनं कंपनीकडं विचारणा केली, कंपनीनं नोंद उघडली. त्या दिवशीच्या प्रत्येक संदेशापुढं लिहिलेलं होतं, दाखवला, दाखवला, दाखवला.

संगणकापुढं बसणारी होती सुजाता. बारावी झालेली, संगणकाचा कोर्स केलेली, जयभीमनगरातली मुलगी. बाप रोजानं जाणारा, आई दुसऱ्याच्या रानात. त्यांच्या घरात महिन्याचा पगार आणणारी ती पहिलीच. मशीननं सांगितलं आणि हिनं लक्ष दिलं नाही, असं गावभर झालं. तिला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं आणि कमिटीची बैठक लावली. त्यात कंपनीनं नोंद घेऊन यावं, अशी विनंती होती. अनिकेत पुण्याहून निघाला आणि गावाकडची भाषा कळणारं कुणीतरी पाहिजे म्हणून वाट वाकडी करून मला धाराशिवातून गाडीत घेतलं.

बैठकीच्या आधी आम्ही पोचलो. माझी एक सवय आहे, ज्याच्यासाठी संदेश रंगवला त्याच्या खुर्चीत जाऊन बसायचं. हायवेवर चालत जायचो तसंच ते. सुजाताला चौकशीसाठी बोलावलेलं होतं, ती दाराशी उभी होती. मी तिला विचारून तिच्या खुर्चीत बसलो आणि पडद्याकडं बघितलं. वर उजव्या कोपऱ्यात भैरोबा होता.

सोनारीच्या काळभैरवाची तसबीर, पोस्टकार्डाएवढी, प्लास्टिकमध्ये बसवलेली, मॉनिटरच्या कडेला चिमट्यानं अडकवून काचेवर सोडलेली. तिला झेंडूचा प्लास्टिकचा हार. खंडेनवमीला आमच्याकडं अवजारं पुजतात, नांगर, विळा, शिलाई मशीन, आता संगणकही. हळदकुंकू लावतात, हार घालतात. खरा हार सुकला की काढतात, प्लास्टिकचा कशाला सुकेल. आणि देव एकदा बसवला की उगीच हलवत नाहीत. भैरोबा माझंही कुलदैवत. आम्ही मेंढरं राखणारी माणसं, बापानं मला पहिल्यांदा सोनारीला खांद्यावर बसवून नेलं. पण ज्या जागेवर जगभरचे टोस्ट येतात, बरोब्बर त्याच जागेवर त्याला बसलेला बघून मी हात जोडायचंही विसरलो.

मी हळूच विचारलं, “ही तसबीर कुणी लावली, पोरी?”

“अध्यक्षांनी. सोनारीच्या जत्रंवरनं आणली. सवताच्या हातानं लावली, नारळ फोडला.”

“तुला माहिती होतं, मागून संदेश येतोय ते?”

“म्हायती म्हंजी, कवाकवा कडंला लाल चमकायचं. म्या सेक्रेटरींना म्हणलं, तसबीर जराशी बाजूला घ्या. त्ये म्हणले, देव हलवायचा नसतो, आन् तू तर हातच लावू नको.”

“मग हे तू चौकशीत सांगितलं का?”

तिनं आत कुणी ऐकत नाही ना ते बघितलं. “काका, म्या भैरोबाचं नाव घेतलं तर काय हुईल तुमाला कळत न्हाय का? शेरडं बाजूला राहतील. हिच्या डोळ्यात आमचा देव खुपतो म्हणतील. आमच्या वस्तीला तरास हुईल. तुमीबी बोलू नका. तुमी जाताल गाडीत बसून, आमाला हितं ऱ्हायचंय.”

मी शब्द दिला. देताना दात आवळून दिला. माणसानं दिवसभर ज्या पडद्याकडं बघायचं त्यावर पडदा टाकायचा, तो बाजूला करू द्यायचा नाही, आणि वर तुला दिसलं कसं नाही म्हणून जाब विचारायचा. यात तिनं तसबीर काढली असती तरी नोकरी गेली असती, फक्त आधी गेली असती. हे सगळं मला ओरडून सांगायचं होतं आणि मी शब्द देऊन बसलो होतो.

बैठक त्याच खोलीत झाली. अध्यक्षांना सगळे नाना म्हणतात, मोठे बागाईतदार, बोलायला गोड. कमिटीचे पाचसहा जण, सेक्रेटरी, लस टोचणारा कंपाउंडर, आणि शेरडं मेलेल्या बायकांतर्फे शेवंताबाई. शेवंताबाई आमच्याच धनगर समाजातली, साठीच्या पुढची, तिची सगळी शेरडं गेलेली. सुजाता दाराजवळ उभीच. तिला बस म्हणून कुणी म्हटलं नाही.

अनिकेतनं लॅपटॉप उघडून नोंद वाचली. वेळ आणि दाखवला, वेळ आणि दाखवला. वाचताना त्याचा आवाजही पडला होता, पण तो वाचत राहिला.

नाना म्हणाले, “ऐकलंस का गं? मशीन दिवसभर बोंबलतंय आन् तुझं ध्यान कुठं हुतं? फोनवर?”

सुजाता म्हणाली, “मला दिसलं न्हाय.”

“दिसलं न्हाय कसं? लाइट गेली हे तर दिसलं? मंग फ्रिज बघावा का न्हाय?”

“लाइट रोजच जाती, नाना. फ्रिजची चावी कंपाउंडरकडं. आन् किती गरम झालं ते सांगायलाच तर यंत्र आणलं ना?”

“उलटं बोलू नको.”

शेवंताबाई मध्येच म्हणाली, “पोरी, तू निरोप धाडलास म्हणून म्या शेरडं आणली. गाभण शेरडं हुती. तुला एक शब्द सांगता आला न्हाय?” आणि तिनं पदर तोंडाला लावला. सुजाता खाली बघत राहिली. तिला त्या बाईच्या शेरडांची नावं पाठ होती, तिनंच ती संगणकात भरली होती.

मला राहवलं नाही. शब्द तर मोडायचा नव्हता. मी अनिकेतला म्हटलं, “साहेब, नोंद वाचून काय उपयोग? संदेश कसा येतो ते कमिटीला प्रत्यक्ष दाखवा. सगळ्यांना बघू द्या.” अनिकेतला ते पटलं, त्याला आपल्या कामाचा अभिमान होता. कंपाउंडरनं फ्रिज उघडून बोंडी बाहेर काढली, फ्रिज बंद केला. तेवढ्यात चहा आला होता. एक पेला आतल्या खोलीत नेऊन फ्रिजवर ठेवला आणि बोंडी चहात सोडली. सगळे उठून संगणकाभोवती गोळा झाले. नानांनी चष्मा पुसून घातला.

“आता बघा,” अनिकेत म्हणाला. सगळे बघत होते. “आला.”

“कुठंय?” नाना म्हणाले.

“गेला पण. परत येईल, थांबा.” थोड्या वेळानं तो पुन्हा म्हणाला, “हा बघा.”

सेक्रेटरी म्हणाले, “मला कायतर लाल वाटलं.” दुसरा म्हणाला, “मला तर कायच वाटलं न्हाय.” तिसऱ्यांदाही तसंच. अनिकेत स्वतःच गोंधळला. तो लॅपटॉपवर बघत होता आणि तिथं संदेश लख्ख येत होता. त्यानं आजवर तो संदेश आपल्या लॅपटॉपवरच बघितला होता.

मी विचारलं, “नोंदीत काय पडलंय, साहेब?”

त्यानं बघितलं. “दाखवला,” तो हळू आवाजात म्हणाला. “तिन्ही वेळा.”

“म्हणजे कंपनीच्या कागदावर आत्ता नानांना तीनदा सांगितलं, की लस गरम होत आहे. आणि नानांनी काहीच केलं नाही.”

नाना माझ्याकडं बघत राहिले. रागावले होते, पण कुणावर ते त्यांनाच ठरवता येईना. “पेंटर, अहो, दिसलंच न्हाय तर करणार काय?”

हेच सुजातानं मघाशी म्हटलं होतं. तेव्हा ती सबब होती. नानांनी म्हटल्यावर खोलीतल्या सगळ्यांना ते पटलं.

अनिकेत बटणं दाबून बघत होता. तेव्हा मागून शेवंताबाई पुढं आली. तिला संगणकातलं काही कळत नव्हतं, पण काचेच्या कडेला काहीतरी लाल चमकून गेलेलं तिनं बघितलं होतं. ती म्हणाली, “दिसंल कसं? त्येच्यावर भैरोबा बसलाय की.”

तिनं देवाला हात जोडले आणि पुन्हा म्हणाली, “हितं कुणी लावला गं ह्यो? देवाची जागा हाय का ही?”

सगळ्यांना माहीत होतं कुणी लावला. त्या दिवशी फुटलेल्या नारळाचं खोबरं सगळ्यांनीच खाल्लं होतं. नाना खाकरले. मग त्यांनी दाराकडं बघितलं आणि अगदी सहज, पाणी आण म्हणावं तसं म्हणाले, “काढ गं ती तसबीर, सुजाता.”

“न्हाय,” सुजाता म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. नानांना वाटलं तिला ऐकू आलं नाही, त्यांनी पुन्हा सांगितलं.

“न्हाय काढणार, नाना. आज तुमी म्हणताव काढ. उद्या गावात म्हणतील हिनं भैरोबा काढून टाकला, आन् तवा ह्यातलं एकबी माणूस सांगणार न्हाय, की नानांनी सांगितलं हुतं. तुमी लावला, तुमीच काढा.”

मी आयुष्यात पुष्कळ संदेश लिहिले. इतका सरळ एकही लिहिता आला नाही. तो सगळ्यांना दिसला, आणि चार सेकंदांत गेलाही नाही.

नानांनी पायातल्या वहाणा काढल्या. पुढं झाले, हात जोडले, चिमटा सोडवला आणि तसबीर हारासकट हातात घेतली. तिच्यामागची काच बाकीच्या काचेपेक्षा स्वच्छ होती. ‘चौकशी झाली, हिचा कायबी दोष न्हाय, उद्यापासून कामावर ये,’ असं काहीतरी ते पुटपुटले. चूक झाली, हा शब्द कुणाच्याच तोंडून आला नाही. सुजाताला बस म्हणायचं अजूनही कुणाला सुचलं नाही. शेवंताबाई तेवढी तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

परतीच्या वाटेवर अनिकेतनं गाडीत बसून आपला अहवाल लिहिला: ‘वापरकर्त्याच्या पडद्यावर अडथळा होता. सॉफ्टवेअरमध्ये दोष नाही.’ अनिकेतला वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं. पण अहवाल त्यानं तसाच पाठवला. मी पुन्हा मागणी केली, पट्टी मधोमध आणा, आणि नोंदीतला तो शब्द काढा. पट्टी मधोमध आली. शब्द तसाच राहिला. तो काढला तर उद्या आपल्यावर येईल, हेच कारण, या वेळी लेखी. मग मी राजीनामा दिला. पोरं म्हणाली, पेंटरकाका, एका शब्दासाठी? होय, एका शब्दासाठी.

पण मला आठवतो तो त्या खोलीतला शेवटचा देखावा. नाना तसबीर हातात धरून मधोमध उभे होते. ती कुठं ठेवावी ते त्यांना कळेना, कारण देव खाली ठेवता येत नाही. सेक्रेटरी म्हणत होते, पूर्वेच्या भिंतीला लावू. दुसरा म्हणत होता, तिथं खिळा नाही. तिसरा म्हणत होता, दारावर बरी दिसेल. कुणी हातोडी आणायला पळालं. सगळे भिंतींकडं बघत होते.

फ्रिजवरच्या चहात बोंडी तशीच होती. मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात लाल पट्टी येत होती, जात होती, पुन्हा येत होती: लस गरम होत आहे. आता तिच्यावर काहीही नव्हतं. आणि सगळ्यांची तिच्याकडं पाठ होती, अनिकेतचीही.

सुजातानं ती बघितली. ती कुणाला काही न सांगता आतल्या खोलीत गेली, बोंडी चहातून काढली, ओढणीनं पुसली आणि कंपाउंडरकडून चावी मागून घेऊन फ्रिजमध्ये ठेवली. मग येऊन आपल्या खुर्चीत बसली.